अमाटे, पिसे आणि पिन्याता: शाळेच्या हस्तकलेतला मेक्सिको

मेक्सिकोतल्या अझ्टेक मुलांना कोणत्या वयात कोणते काम शिकवले जाई, याची सविस्तर चित्रनोंद 'मेंडोसा कोडेक्स' या पोथीत आहे. स्पॅनिशांनी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान 13 ऑगस्ट 1521 रोजी जिंकली. त्यानंतर वीसेक वर्षांनी, 1541-42 च्या सुमारास, मेक्सिको शहरात ही पोथी तयार झाली. चित्रे स्थानिक चित्रकारांची आहेत आणि त्यांखालचा खुलासा स्पॅनिश भाषेत आहे. स्पेनच्या राजासाठी केलेली ही पोथी राजापर्यंत पोहोचलीच नाही. ती फ्रेंचांच्या हाती लागली, पुढे इंग्लंडला गेली आणि 1659 पासून ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या तिसऱ्या भागात 3 वर्षांपासून 14 वर्षांपर्यंतचे मुलगे आणि मुली ओळीने दाखवल्या आहेत. प्रत्येकाच्या डोक्याशी वय सांगणारे ठिपके आणि समोर त्या वयाला मिळणाऱ्या मक्याच्या भाकऱ्या आहेत. तिसऱ्या वर्षी अर्धी भाकरी, तेराव्या-चौदाव्या वर्षी दोन. चार वर्षांचा मुलगा पाणी आणतो, सहा वर्षांचा बाजारात सांडलेले मक्याचे आणि घेवड्याचे दाणे वेचतो, चौदा वर्षांचा होडीतून मासे धरतो. चार वर्षांच्या मुलीला आई चाती दाखवते, सहा वर्षांची स्वतः सूत कातते आणि चौदाव्या वर्षी ती मागावर बसते. आळस केला तर मिरचीच्या धुरावर तोंड धरण्याची शिक्षाही चित्रात आहे. त्याच भागात पुढे सुतार, जडावकाम करणारा, चित्रकार, सोनार आणि पिसांचे काम करणारा असे पाच कारागीर आपापल्या मुलाला समोर बसवून धंदा शिकवताना दिसतात.

आज अमेरिका, ब्रिटन आणि इतर देशांच्या प्राथमिक शाळांत 'अझ्टेक हस्तकला' किंवा 'मेक्सिकन हस्तकला' म्हणून जे उपक्रम होतात, त्यांतले थोडेच त्या पाच कारागिरांपर्यंत मागे जातात. सूर्यशिळा या कोरीव अझ्टेक दगडाची कागदी ताटली, कागदाच्या पताका, फोडल्यावर खाऊ सांडणारी पिन्याता, काड्यांवर लोकर गुंडाळून केलेला 'देवाचा डोळा', साखरेची कवटी, रंगीबेरंगी काल्पनिक प्राणी या साऱ्यांना एकाच पेटीत भरले जाते. प्रत्यक्षात त्यांच्या जन्मकाळांत चारशे वर्षांहून अधिक अंतर आहे आणि गावे, जमाती, कच्चा माल यांतही मेळ नाही. हाताच्या कामांत खरे अझ्टेक म्हणावे असे मोजकेच आहे: सालीचा कागद, पिसांचे काम, जडावकाम आणि मातीचे ठसे.

सालीच्या कागदाला मेक्सिकोत अमाटे म्हणतात. तो मुख्यतः अंजीर-उंबराच्या कुळातल्या, म्हणजे आपल्याकडच्या वड-पिंपळांच्या भाऊबंद झाडांच्या आतल्या सालीपासून होतो. साल सोलून, धुऊन, राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात कित्येक तास उकळतात. मऊ झालेले धागे लाकडी फळीवर आडवे-उभे मांडतात आणि खाचा पाडलेल्या दगडाने ठोकत राहतात. धागे पसरून एकमेकांत मिसळले की फळी उन्हात ठेवतात आणि सुकलेला ताव अलगद सोलून काढतात. यात कोणतीही खळ लागत नाही. झाडाचा स्वतःचा चीकच पुरतो. अझ्टेक राज्यात या कागदाची गरज मोठी होती. जमिनीच्या नोंदी, करांच्या याद्या आणि पंचांगे त्यावर लिहिली जात, देवांच्या मूर्तींना कागदी वस्त्रे चढत आणि पावसाच्या देवापुढे रबराचे थेंब शिंपडलेले कागद ठेवले जात. आजच्या कुएर्नावाकाच्या परिसरातल्या प्रांतांनी कागद कर म्हणून द्यायचा होता. मेंडोसा पोथीत त्या कराशेजारी पिशवीचे चिन्ह आहे. अझ्टेक अंकलेखन विसाच्या पटीत चाले: ध्वज म्हणजे 20, पिसासारखे चिन्ह म्हणजे 400 आणि पिशवी म्हणजे 8,000.

कागद आणि जुना धर्म एकमेकांत इतके गुंतलेले असल्यामुळे ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी दोन्हींवर घाव घातला. शेकडो पोथ्या जाळल्या गेल्या, सरकारी कामाला युरोपातला कागद आला आणि अमाटे डोंगरात गेला. पुएब्ला राज्यातल्या सान पाब्लितो या ओतोमी लोकांच्या गावात तो टिकला, कारण तिथले वैद्य-भगत पेरणीच्या, आजारपणाच्या विधींसाठी कागदातून बीजांच्या आणि भूतप्रेतांच्या आकृत्या कापत. 1900 च्या सुमारास अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टार यांनी या कागदाची नोंद घेतली, तोवर बाहेरच्या जगाच्या लेखी ही कला संपलेली होती. 1960 च्या दशकात तिला वेगळेच वळण मिळाले. गेरेरो राज्यातले नाहुआ कुंभार आपल्या भांड्यांवर जी फुले, पक्षी आणि गावातले प्रसंग रंगवत, ते मेक्सिको शहरातल्या कलावस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या सुचवण्यावरून सान पाब्लितोच्या कागदावर रंगवू लागले. भांडे वाटेत फुटते, कागद गुंडाळून नेता येतो. पर्यटकांनी ही चित्रे उचलली आणि दोन जमातींच्या या जोडकामालाच लोक 'प्राचीन अझ्टेक चित्रकला' समजू लागले. शाळेत तपकिरी कागदी पिशवी पाण्यात चुरगळून, सुकवून, तिच्यावर झगमगीत मोर-पोपट रंगवण्याचा जो उपक्रम होतो, त्याचा मूळ नमुना हा 1960 नंतरचा आहे. कागद प्राचीन, चित्र अर्वाचीन. मागणी वाढल्यावर अंजीरकुळातली झाडे पुरेनात, तेव्हा सान पाब्लितोने लवकर वाढणाऱ्या होनोते या झाडाची साल वापरायला सुरुवात केली. गावात साल उकळणे आणि ठोकणे मुख्यतः बायका-मुलांकडे असते.

पिसांचे काम हा अझ्टेकांच्या लेखी सोन्याहूनही मानाचा धंदा होता. तो करणारे आमांतेका तेनोच्तित्लानला लागून असलेल्या त्लातेलोल्कोच्या बाजूला आमांत्लान नावाच्या वस्तीत राहत. दूरदूरच्या जंगलांतून केत्झाल पक्ष्याची लांब हिरवी पिसे, निळ्या कोतिंगाची, गुलाबी चमच्याची आणि गुंजन पक्ष्याची पिसे आणणारे व्यापारी त्यांचे शेजारी होते. फ्रान्सिस्कन पंथाचे बर्नार्दिनो दे साहागुन 1529 मध्ये मेक्सिकोत आले. त्यांनी स्थानिक जाणकारांना विचारून, नाहुआत्ल आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत बारा भागांचा जो ग्रंथ तयार केला, त्याच्या नवव्या भागात या कामाची कृती पायरीपायरीने दिली आहे. घायपाताच्या पानावर खळ लावून त्यावर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर पसरत, तो सुकला की सोलून घेत, त्यावर चित्राची रूपरेषा उतरवत, कापत, आणि मग साध्या रंगवलेल्या पिसांचा तळथर देऊन वर मोलाची पिसे बसवत. खळ ऑर्किडच्या कंदाची असे आणि ती भिजवून तयार करण्याचे काम मुलांकडे होते. म्हणजे ज्या वयात आज शाळेत चिकटकाम सुरू होते, त्याच वयात आमांतेकाचे मूल खळीच्या भांड्यापाशी बसलेले असे. फरक एवढाच की त्याची चूक महागात पडे, कारण समोरचे केत्झालचे पीस शेकडो मैलांवरून आलेले असे.

या कलेची सर्वांत प्रसिद्ध वस्तू व्हिएन्नातल्या वेल्ट म्युझियममध्ये आहे. 'मोक्तेसुमाचा मुकुट' म्हणून तिची ख्याती असली, तरी ती मोक्तेसुमा या अझ्टेक राजाने घातल्याचा पुरावा नाही. 1596 मधल्या एका ऑस्ट्रियन सरदारी संग्रहाच्या यादीत ती चक्क 'मूर लोकांची टोपी' म्हणून नोंदली गेली होती. वर्गात पुठ्ठ्याच्या पट्टीवर रंगीत पिसे चिकटवून मुले जो मुकुट घालतात तो याच वस्तूवर बेतलेला असतो. पण आमांतेकांचे कौशल्य मुकुटापेक्षा ढालींवर आणि सपाट चित्रांवर अधिक दिसते. रंगीत कागदाचे कपटे चिकटवून चित्र भरणे, ही वर्गातली कृती त्या कामाच्या खूप जवळ जाते. ती जडावकामाच्याही जवळ आहे. ब्रिटिश म्युझियममधला दोन तोंडांचा साप हे त्याचे उत्तम उदाहरण. सुमारे 43 सेंटिमीटर रुंदीच्या कोरीव लाकडावर पेरोज्याचे दोनेक हजार तुकडे राळेने बसवलेले आहेत आणि तोंडातले पांढरे-लाल भाग शिंपल्याचे आहेत.

शाळा नावाच्या संस्थेत ही कामे शिकवण्याची सुरुवातही मेक्सिकोतच झाली, आणि तीही स्पॅनिश विजयानंतर लगेच. 1523 मध्ये आलेले फ्लेमिश पाद्री पेद्रो दे गान्ते यांनी आधी तेश्कोको येथे आणि नंतर मेक्सिको शहरातल्या फ्रान्सिस्कन मठाच्या आवारात शाळा काढली. सान होसे दे लोस नातुरालेस नावाच्या या शाळेत स्थानिक मुलांना वाचन, लेखन, गायन आणि ख्रिस्ती धर्म शिकवत, आणि जोडीला चित्रकला, शिल्प, भरतकाम, सोनारकाम, सुतारकाम. उद्देश धर्मप्रसाराचा होता. नव्या चर्चना वेदी, मूर्ती आणि वस्त्रे हवी होती. तरी जुन्या कारागिरांची मुले तिथे आली आणि जुनी कला नव्या विषयांना लागली. 1539 मध्ये गान्ते यांच्या देखरेखीखाली तेनोच्तित्लानचे स्थानिक गव्हर्नर दिएगो हुआनित्सिन यांनी पोप तिसरे पॉल यांच्यासाठी पिसांचे चित्र करवून घेतले: 'संत ग्रेगरीची प्रार्थना'. दोनच वर्षांपूर्वी या पोपने अमेरिकेतले मूळ रहिवासी विवेकशील माणसे आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही, असे जाहीर केले होते. हे चित्र त्याला दिलेले उत्तरच मानायला हरकत नाही. आज ते फ्रान्समधल्या ओश गावच्या संग्रहालयात आहे आणि तारीख लिहिलेल्या मेक्सिकन पिसांच्या चित्रांत सर्वांत जुने आहे.

पुढच्या तीन शतकांत आलेल्या गोष्टींचा कच्चा मालच अझ्टेकांना ठाऊक नव्हता. 1565 ते 1815 या काळात मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतांची नियमित ये-जा होती. या मार्गाने रेशीम, चिनी मातीची भांडी आणि मसाले आले. पतंगी कागदासारखा पातळ कागदही या चिनी व्यापाराशीच जोडला जातो, आणि मेक्सिकोत त्याला अजून 'चिनी कागद' म्हणतात. त्या कागदात नक्षी कोरून केलेल्या पताका म्हणजे पापेल पिकादो. पुएब्ला राज्यातले सान साल्वादोर हुइश्कोलोत्ला हे या कलेचे मुख्य गाव. हासिएंदांच्या म्हणजे जमीनदारी मळ्यांच्या दुकानांत शेतमजुरांना उधारीवर माल घ्यावा लागे. तिथेच गावकऱ्यांना हा कागद एकोणिसाव्या शतकात मिळू लागला, असे गावात सांगतात. पापेल पिकादो कात्रीने होत नाही. शिशाच्या पाट्यावर 50 च्या आसपास तावांची चळत ठेवतात, वर नमुन्याचा कागद, आणि वेगवेगळ्या तोंडांच्या छिन्न्या हातोडीने ठोकत एकदम सगळ्या चळतीतून नक्षी पाडतात. त्यामुळे सांगाडे, कबुतरे, अक्षरे, काहीही कोरता येते. शाळेत छिन्नी देता येत नाही म्हणून कागदाला घड्या घालून कातरकाम करतात. त्यातून उलगडल्यावर डावी-उजवीकडे सारखी असलेली नक्षी मिळते, गोष्ट सांगणारे चित्र मिळत नाही. मूळ वस्तू आणि वर्गातली वस्तू यांत एवढा फरक इतर कुठल्या उपक्रमात क्वचितच दिसतो. 1998 मध्ये पुएब्ला राज्याने हुइश्कोलोत्लाच्या या शैलीला राज्याचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पिन्याताच्या जन्माबद्दल तीन कथा शेजारीशेजारी चालतात. एकीत मार्को पोलो ती चीनमधून इटलीत आणतो. तिला भक्कम आधार नाही. दुसरीत अझ्टेक पुजारी युद्धदेवाच्या उत्सवात पिसांनी सजवलेले मडके फोडतात. तिसरी मेक्सिको शहराच्या ईशान्येच्या आकोल्मान गावची आहे आणि तीच सर्वाधिक सांगितली जाते. तिथल्या ऑगस्टीनियन मठाला 1580 च्या दशकात पोप पाचवे सिक्स्टस यांच्याकडून नाताळच्या आधीचे नऊ दिवस खास प्रार्थना घेण्याची परवानगी मिळाली आणि त्या प्रार्थनांना लोकांना ओढण्यासाठी पिन्याता आली. स्पेनमध्ये ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मडके फोडण्याचा खेळ होता, हे लक्षात घेता यात तथ्य असावे. आकोल्मानची पिन्याता सात टोकांची चांदणी असते. सात टोके ही सात महापापे, डोळ्यांवरची पट्टी ही आंधळी श्रद्धा, काठी हा सद्गुण आणि आतून पडणारी फळे ही देवाची कृपा, असा पाद्र्यांनी अर्थ लावला. मुलांनी तो अर्थ फारसा मनावर घेतल्याचे दिसत नाही. आत ऊस, संत्री, भुईमुगाच्या शेंगा आणि तेहोकोते हे डोंगरी फळ भरत, गोळ्या-चॉकलेटे नंतरची. विसाव्या शतकात मडक्याच्या ठिकऱ्या लागण्याच्या भीतीने मातीऐवजी खळीत बुडवलेल्या कागदाचा सांगाडा रूढ झाला आणि तिथपासून फुग्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून पिन्याता करणे शाळेच्या आवाक्यात आले. मराठी वाचकाला इथे दहीहंडी आठवेल. मडके फोडण्याचा आनंद तोच आहे, पण दोन्ही प्रथांचा एकमेकींशी इतिहासात काही संबंध नाही.

संबंध आहे तो राजगिऱ्याचा. अझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ मधात किंवा घायपाताच्या पाकात मळून त्याच्या देवमूर्ती घडवत, पूजेनंतर त्या मोडून वाटून खात. ख्रिस्ती प्रसादाशी हे साम्य पाद्र्यांना इतके खटकले की त्या विधींवर बंदी आली आणि पिकालाही उतरती कळा लागली. अमेरिका खंडातले हे धान्य समुद्रापार आले आणि भारतात उपवासाचे झाले. मेक्सिकोत रस्तोरस्ती मिळणारी 'आलेग्रिया' ही वडी आपल्या राजगिऱ्याच्या वडीपासून सहज वेगळी ओळखू येणार नाही. मृतांच्या दिवसाला, म्हणजे गेलेल्या आप्तांच्या स्मरणाच्या सणाला, मूर्तींची जागा मात्र साखरेने घेतली. ऊस स्पॅनिशांनी आणला, साखर मळून आकार देण्याची आल्फेनिके ही कृतीही त्यांचीच. साखरेच्या कवट्या, कोकरे आणि छोट्या शवपेट्या विकणारी तोलुका शहरातली जत्रा आजही ऑक्टोबरमध्ये भरते. अझ्टेकांकडे कवट्या होत्या, पण त्या खऱ्या. 2015 मध्ये मेक्सिको शहराच्या मध्यभागी, महामंदिराजवळ, बळींच्या कवट्यांचा प्रचंड मनोरा उत्खननात सापडला. साखरेच्या हसऱ्या कवटीचा आणि त्याचा थेट वंशसंबंध जोडणे घाईचे आहे. आज सर्वत्र दिसणारी टोपीवाली नटवी सांगाडीण तर होसे ग्वादालुपे पोसादा (1852-1913) या छापचित्रकाराची आहे. श्रीमंतांच्या युरोपी नटण्यावर त्याने ती काढली. 1947 मध्ये चित्रकार दिएगो रिवेराने तिला भित्तिचित्रात पूर्ण पोशाख दिला आणि 'कात्रिना' हे नाव पक्के केले.

सूर्यशिळेची कथा 1790 ची. मेक्सिको शहराचा मुख्य चौक सपाट करताना 17 डिसेंबरला ती सापडली. सुमारे 3.6 मीटर व्यासाचा आणि 24 टन वजनाचा हा बेसाल्टचा दगड जवळजवळ शंभर वर्षे कॅथेड्रलच्या मनोऱ्याला टेकवून उभा होता. 1885 मध्ये तो संग्रहालयात गेला आणि 1964 पासून राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. आंतोनियो दे लेऑन इ गामा या विद्वानाने 1792 मध्ये त्याच्यावर लिहिले, तेव्हापासून त्याला 'अझ्टेक पंचांग' म्हणायची सवय लागली. दगडावरच्या एका कड्यात 20 दिवसांची चिन्हे आहेत हे खरे. मगर, वारा, घर, पाल, साप, मृत्यू अशा क्रमाने ती येतात आणि 1 ते 13 या आकड्यांशी जुळून 260 दिवसांचे चक्र पूर्ण करतात. पण या दगडावरून कोणी तिथी काढत नसे. मधला चेहरा, भोवतीची चार नष्ट झालेली युगे आणि कडेचे दोन अग्निसर्प मिळून विश्वाची उत्पत्ती आणि राजाची सत्ता सांगतात. कागदी ताटलीवर मुले हे सगळे पिवळ्या-केशरी रंगांत भरतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना जी नखे आहेत त्यांत माणसांची हृदये धरलेली आहेत. पाठ्यपत्रिका त्यांना बहुधा नुसती 'नक्षी' म्हणून सोडून देतात. आठ वर्षांच्या मुलांसाठी ते समजण्यासारखे आहे, पण शिक्षकाला तरी ते ठाऊक हवे.

लोकपरंपरेतल्या हस्तकलेला सरकारी शाळांत मान मिळाला तो मेक्सिकन क्रांतीनंतर. 1921 मध्ये शिक्षण मंत्रालय स्थापन झाले आणि होसे वास्कोन्सेलोस त्याचे पहिले मंत्री झाले. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त मेक्सिको शहरात लोककलांचे मोठे प्रदर्शन भरले. रोबेर्तो मोंतेनेग्रो आणि होर्हे एन्सिसो या चित्रकारांनी ते मांडले, तर 'डॉक्टर आत्ल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराने लोककलांवर ग्रंथ लिहिला. शहरी उच्चवर्ग ज्या मातीच्या भांड्यांना आणि घोंगड्यांना खेडवळ म्हणे, ती राष्ट्राची ठेव ठरली. हे कौतुक वरून आलेले होते. वस्तू गाजल्या, करणाऱ्यांची नावे फारशी कोणी विचारली नाहीत.

अदोल्फो बेस्त मौगार्द या चित्रकाराने या उत्साहाला अभ्यासक्रमाचे रूप दिले. क्रांतीच्या आरंभीच्या वर्षांत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्यासाठी त्याने मेक्सिकोच्या खोऱ्यात सापडलेल्या खापरांवरच्या नक्ष्यांची दोन हजारांहून अधिक चित्रे काढली होती. ती काढता काढता त्याच्या ध्यानात आले की सगळी नक्षी मोजक्याच घटकांतून उभी राहते. त्याने सात घटक निवडले: सर्पिल, वर्तुळ, अर्धवर्तुळ, एस आकार, नागमोडी रेषा, वाकडीतिकडी दातेरी रेषा आणि सरळ रेषा. या सातांतून फूल, घर, माणूस, ढग काहीही काढायचे. रेषांनी एकमेकींना छेदायचे नाही. छायाप्रकाश आणि खोली नको. मंत्रालयाने 1923 मध्ये त्याचे पुस्तक काढले आणि राजधानीच्या शाळांत हजारो मुले या पद्धतीने चित्रे काढू लागली. रुफिनो तामायो आणि मिगेल कोवार्रुबियास हे पुढे नावाजलेले कलावंत या उपक्रमात शिक्षक होते. युरोपी पुतळ्यांची नक्कल करून घेणाऱ्या जुन्या वर्गांच्या मानाने ही मोठी मोकळीक होती. पण सातच अक्षरांत बोलण्याचा नियमही एक प्रकारचा साचाच. 1924 पर्यंत बेस्त मौगार्दचे पद दुसऱ्याकडे गेले आणि पद्धत मागे पडली. त्याच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती मात्र 1926 मध्ये न्यूयॉर्कला निघाली आणि अमेरिकी कलाशिक्षकांत बराच काळ वापरात राहिली. आल्फ्रेदो रामोस मार्तिनेस यांनी चालवलेल्या उघड्यावरच्या चित्रशाळांतल्या मुलांची चित्रेही 1926 मध्ये बर्लिन, पॅरिस आणि माद्रिदला दाखवली गेली.

याच शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीच्या भिंती रिवेराने 1923 ते 1928 दरम्यान रंगवल्या. विणकर, रंगारी, कुंभार, खाणकामगार आणि मृतांच्या दिवसाची गर्दी त्यांवर आहे. 'आमची भाकरी' या चित्रात त्याने वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांनाही बसवले. गदर चळवळीतून मेक्सिकोत पोहोचलेले खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवत आणि शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषिशाळा चालवल्या. शिक्षण हे हाताच्या कामातून व्हावे, हा त्या काळच्या मेक्सिकोचा आग्रह त्यांच्या शाळांतही होता.

एन्सिसो यांचे काम पुढे अनपेक्षित ठिकाणी पोहोचले. जुन्या मेक्सिकोत कापडावर, अंगावर, भांड्यांवर उमटवण्यासाठी भाजलेल्या मातीचे सपाट आणि लाटण्यासारखे गोल ठसे करत. एन्सिसो यांनी असे शेकडो ठसे जमवून, त्यांची चित्रे काढून 1947 मध्ये पुस्तक केले. 1953 मध्ये ते इंग्रजीत, स्वस्त कागदी बांधणीत, नक्कल करण्याच्या मोकळ्या परवानगीसह निघाले. माकड, गरुड, फुलपाखरू, पायऱ्यांची नक्षी ही बटाट्याच्या किंवा रबराच्या ठसेकामात जी चित्रे दिसतात, त्यांतली कितीतरी या पुस्तकातून उतरलेली आहेत. अझ्टेक म्हणून छापल्या जाणाऱ्या काही आकृती त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जुन्या किंवा दुसऱ्या प्रदेशातल्या असतात.

काड्यांवरचा 'देवाचा डोळा' अझ्टेकांचा नाहीच. तो पश्चिमेच्या सिएरा माद्रे डोंगरात, हालिस्को आणि नायारित राज्यांत राहणाऱ्या हुइचोल लोकांचा. 1890 च्या दशकात नॉर्वेजियन प्रवासी कार्ल लुमहोल्त्स त्यांच्यात राहिला आणि त्याच्या लिखाणातून ही वस्तू बाहेर कळली. पावसाळ्यानंतर नव्या कणसांचा आणि कोवळ्या दुध्या-भोपळ्यांचा उत्सव असतो, त्यात पाच वर्षांपर्यंतची मुले मुख्य पाहुणी असतात. वर्षागणिक एक चौकट वाढवत पाचव्या वर्षी पाच चौकटींचा डोळा पुरा होतो. ही वस्तू मुलाच्या दीर्घायुष्यासाठी मोठी माणसे करतात. मुलांनी करायचा खेळ ती नव्हती. 1960-70 च्या दशकांत अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरांनी ती उचलली, कारण दोन आइस्क्रीमच्या काड्या आणि लोकर एवढ्यावर तासाभरात काहीतरी देखणे हाती येते.

आलेब्रिहे, म्हणजे ते रंगीबेरंगी काल्पनिक प्राणी, तर याहून अलीकडचे. मेक्सिको शहरातला पेद्रो लिनारेस हा खळ आणि रद्दी कागदापासून ईस्टरला जाळायचे यहुदाचे पुतळे करणारा कारागीर. 1936 मध्ये तापात त्याला पंख असलेली गाढवे आणि शिंगवाले कोंबडे दिसले, आणि बरा झाल्यावर त्याने ते घडवले, असे तो सांगे. ओआहाका राज्यात मानुएल हिमेनेस आणि इतरांनी तसेच प्राणी कोपालच्या हलक्या लाकडात कोरायला सुरुवात केली. 2017 च्या 'कोको' चित्रपटाने त्यांना मृतांचे मार्गदर्शक बनवले. ती पटकथाकारांची भर आहे.

इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत अझ्टेकांचा विषय अभ्यासक्रमामुळे पसरला. 1991 च्या पहिल्या राष्ट्रीय इतिहास अभ्यासक्रमात 1450 ते 1550 मधल्या सागरी शोधांचा भाग होता आणि त्यात अझ्टेक आले. 1999 च्या आवृत्तीत इजिप्त, सुमेर, असिरिया, सिंधू संस्कृती, माया, बेनिन आणि अझ्टेक यांपैकी एक निवडायचे होते. 2014 च्या अभ्यासक्रमात अझ्टेकांचे नाव गळले. बगदाद, माया आणि बेनिन हे पर्याय उरले. मेक्सिकोत अशी निवड नसते. तिथे ऑक्टोबरच्या शेवटी बहुतेक शाळांत मृतांची वेदी मांडली जाते. झेंडू, पाव, पाणी आणि मेणबत्त्या घरून येतात, आणि चिनी कागदाच्या पताका मुले वर्गातच कापतात, छिन्नीने नव्हे, घड्या घालून कात्रीने.